एक्केचाळीस घरांचा नाष्टा

जुलैचा पहिला शनिवार, दुपारचे बारा. जमा रक्कम अकरा हजार रुपये. हजर माणसं सात: आमच्या गावच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, शाळा कमिटीचे अध्यक्ष आप्पा, शाळेत दुपारचं जेवण शिजवणारी आक्का, दूध डेअरीचे सेक्रेटरी, दोन मुलांच्या आया आणि मी. बैठक पाचवीच्या वर्गात होती. मुलं घरी गेली होती आणि आम्ही त्यांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. विषय एकच होता, सकाळचा नाष्टा.

पैसे मीच मोजले, दोनदा. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षं नटबोल्ट मोजतोय, त्यामुळे गावात जिथं वही लागते तिथं मला बोलावतात. यात्रेची वर्गणी, मंडळाची वर्गणी, देवळाच्या फरशीची वर्गणी. बायको म्हणते, घरातलं मीठ संपलं तरी हा माणूस तारीख लिहून ठेवतो. तसं करायला हरकत काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

नाष्ट्याचा विचार बाईंचा. काकतीच्या पुढे, हायवेपासून आत आमचं गाव. शेती थोडी आणि ती वाटून वाटून आणखी थोडी झालेली. त्यामुळे निम्म्या घरांतली माणसं उद्यमबागेत जातात, बायकासुद्धा. सातची पाळी गाठायची तर साडेसहाची बस धरावी लागते. शाळा दहाला भरते. मधल्या साडेतीन तासांत मूल काय खातं हे त्याचं त्यालाच ठाऊक. कुणाला रात्रीची भाकरी, कुणाला पाच रुपये देऊन चिप्सचा पुडा, कुणाला काहीच नाही. सरकारकडून दूध येतं, दुपारी जेवण मिळतं, अंडी मिळतात. पण रिकाम्या पोटी दूध प्यायलं की काहींना मळमळायचं, आणि जेवण दुपारचं. बाईंनी कमिटीला सांगितलं ते मी जसंच्या तसं उतरून घेतलं होतं: "पहिल्या तासाला मी गणित घेणं सोडून दिलंय. चित्रं काढायला लावते. भागाकार सांगत असताना पोरं बाकावर डोकं टेकतात. पोट दुखतंय म्हणतात. दुखत नसतंय, रिकामं असतंय."

आणखी एक गोष्ट होती. पाचवीची पाच मुलं सरकारी वसतिशाळेच्या परीक्षेला बसवायची होती. पास झालं तर सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. त्यांच्यासाठी बाई सव्वानऊला जादा तास घेणार होत्या, फुकट. मुलं नऊला आली तरच तो तास होणार आणि पोटात काही असेल तरच त्याचा उपयोग.

मी हिशेब मांडला. शाळेत बासष्ट मुलं. माणशी सात रुपये धरले तर रवा, पोहे, तेल, कांदा, शेंगदाणे यात एक वाटी उप्पीट किंवा पोहे बसतात. दिवसाचे चारशे चौतीस. शनिवारी सकाळची शाळा, तो सोडला तर महिन्याला बावीस दिवस, म्हणजे नऊ हजार पाचशे अठ्ठेचाळीस. आक्काला सकाळी लवकर यावं लागणार, तिला हजार. एकूण दहा हजार पाचशे अठ्ठेचाळीस. मुलं असलेली घरं एक्केचाळीस. घरटी दोनशे आणि डेअरीचे तीन हजार असं ठरलं. त्या शनिवारी चाळीस घरांचे आले होते. आठ हजार आणि तीन हजार, अकरा हजार. सगळा खर्च जाऊन चारशे बावन्न उरत होते.

म्हणजे एक घर आलं नाही तरी भागत होतं. हे मला त्याच दिवशी वहीत दिसलं होतं. म्हणून पुढचं लिहिताना जड जातंय.

नाष्टा सुरू झाला आणि पहिल्या पंधरा दिवसांतच फरक दिसला. मला एक आठवडा सकाळपाळी आणि एक आठवडा दुपारपाळी असते. दुपारपाळीच्या आठवड्यात मी साडेआठला शाळेत जाऊन रवा मोजून द्यायचो. नऊला मुलं रांगेत उभी राहायची, पंधरा मिनिटांत ताटल्या धुऊन व्हायच्या. मग पाचवीचा जादा तास, दहाला प्रार्थना. बाईंनी गणित परत पहिल्या तासाला आणलं. मी शाळेच्या गेटातून बाहेर पडत असताना तिसरीचे पाढे ऐकू यायचे. आधी ते पाढे सातापाशी दमायचे, आता शेवटापर्यंत एका आवाजात जायचे. हे मी कुठं लिहून ठेवलं नाही. ते मोजायचं कसं हे मला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं ते मी केलं. आमच्याकडे वर्गणी म्हटली की फलक आला. देवळाच्या फरशीपासून स्मशानातल्या शेडपर्यंत, कुणी किती दिले ते रंगवून लिहिल्याशिवाय काम पुरं झालं असं कुणी मानत नाही. यात्रेत तर नाव माईकवरून वाचलं जातं आणि पाचशे देणारा वाचून होईपर्यंत मांडवातून हलत नाही. नाष्ट्याच्या पैशांत कुणी संशय धरू नये म्हणून मी एका रविवारी स्वयंपाकखोलीच्या बाहेरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचा चौकोन काढला आणि निळ्या ऑइलपेंटनं घरातल्या कर्त्या माणसांची नावं लिहिली. एकाखाली एक, एक्केचाळीस. पुढे रक्कम. ज्यांचे आले नव्हते त्यांच्यापुढे रेघ.

रेघ एकच होती.

ते घर वरच्या आळीला होतं. नवरा गोव्यात गवंडीकाम करतो, कधी पैसे पाठवतो, कधी नाही. बायको उद्यमबागेत एका फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, रोजावर. मुलगी पाचवीत, जादा तासाला निवडलेल्या पाचांपैकी एक. गणितात तीच पुढे होती असं बाई म्हणायच्या.

फलक बघून आप्पा खूश झाले. "अक्षर बघ कसं काढलंय. पेंटरला बोलवलं असतं तर हजार घेतला असता." बाईही खूश झाल्या. रांगेत उभी राहून दुसरीतली मुलं नावं आणि आकडे वाचायला लागली होती. "दोनशे, दोनशे, दोनशे" असा घोष चालायचा. बाई म्हणाल्या, "वाचन होतंय बरं." मलाही बरं वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. माझा धाकटा तिसरीत आहे. माझी आई त्याला विचारत होती, नाष्ट्याला काय असतं, पोटभर मिळतं का. तो म्हणाला, "मिळतंय की. कालच्या आदल्या दिवशी मी दोनदा घेतलं. रेघेचं उरलं हुतं."

"रेघ कोण?" मी विचारलं.

"पाचवीतली ती ओ. वरच्या आळीची. ती येतच न्हाई खायला. दहाला येत्या."

"तिला रेघ कोण म्हणतं?"

"समदी." भात कालवत तो म्हणाला. "बोर्डावर हाय की तिच्या बाच्या नावाम्होरं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मुलं उठल्यावर म्हणाली, "देवळाची फरशी आणि पोरांचं पोट तुम्ही एकाच वहीत लिवलंसा."

सोमवारी पाळी सुटल्यावर शाळेत जाऊन मी बाईंना विचारलं. त्यांना मुलगी उशिरा येते हे माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. त्यांनी तिला दोनदा रागावलंही होतं. "सांगते, घरी काम असतंय. पहिल्या तासाला पेंगते. मागच्या चाचणीत वीसपैकी सात. जूनमध्ये अठरा होते." त्यांनी वही काढून दाखवली. सात आणि अठरा. आकड्यांवर माझा विश्वास आहे, त्यामुळे ते दोन आकडे मला रात्रभर सोडून गेले नाहीत.

तो माझा सकाळपाळीचा आठवडा होता. मंगळवारी तीनला पाळी सुटली आणि मी उद्यमबागेच्या स्टॉपवर थांबलो. मुलीची आई चारपाच बायकांबरोबर आली. हाताला, भुवयांना वाळूची बारीक पूड. तिचा नवरा माझ्या बरोबरीचा, म्हणून मी तिला वैनी म्हणतो. बायका त्यांच्या गावच्या बसनं गेल्या, आमची यायची होती.

"वैनी, पोरगी नाष्ट्याला का येत न्हाई?"

"खाऊन येत्या की घरात."

"काय खाऊन?"

"असंल ते. तुम्ही काय ताटात वाकून बगायला येणार हाईसा?"

"तसं न्हवं. बाईंचा तास चुकतोय तिचा. परीक्षेचा."

ती बस यायच्या दिशेनं बघत राहिली. मग म्हणाली, "बोर्ड लई चांगला रंगवलाय भावजी. रस्त्यावरनं दिसतोय. सकाळी साडेसहाला जाताना बगत्या, संध्याकाळी येताना बगत्या. अक्षर मोत्यासारखं हाय तुमचं."

मीही बस येतेय का ते बघायला लागलो.

"जूनमदी भट्टी दुरुस्तीला काढली. सतरा दिस काम न्हवतं. दोनशे रुपय म्हंजे माझा अर्धा दिस. पण अर्धा दिस मिळाया पायजे का नगो? मिळाल्यावर देणारच हुते मी. कुणाचं ठेवलंय आजपातूर?"

"न दिलंसा तरी चालतंय, वैनी. बाकीच्यांच्यात भागतंय. उरतंय सुदीक."

"भागतंय?"

"भागतंय."

"मग रेघ कशाला मारलीसा?"

माझ्याकडे उत्तर होतं. हिशेब पूर्ण दिसला पाहिजे, जागा मोकळी सोडता येत नाही. बावीस वर्षं मी स्टोअरमध्ये हेच करतोय. माल नसेल तिथं रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी आकडा घुसडत नाही. हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. बस आली. तिला बसायला जागा मिळाली, मी गावापर्यंत दांडीला धरून उभा राहिलो. उतरताना ती म्हणाली, "पैशे दिल्याबिगर ती यायची न्हाई. मी सांगितलंय म्हणून न्हवं. तीच तशी हाय."

सप्टेंबरच्या बैठकीत मी फलक पुसायचा विषय काढला. कारण सांगितलं. आप्पांनी तंबाखूची चिमूट तोंडात सोडली आणि हात झटकले.

"पुस की. पण म्होरल्या म्हैन्याला पैशे कोण देतंय त्ये सांग. नाव वाचल्याबिगर लोक देवाला देत न्हाईत, पोरांना देतील?"

"पोरं त्यांचीच आहेत, आप्पा," बाई म्हणाल्या.

"देव बी त्यांचाच हाय की ओ बाई."

आक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "पुसा न्हाईतर ऱ्हाऊ द्या. माझ्या हजाराचं काय त्ये आदी सांगा. मी पाटं सहाला उठत्या."

"तुझा हजार कुठं जात न्हाई गं," आप्पा म्हणाले. "हा हाय की स्टोअरवाला. एक रुपय हलू देतोय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. शेवटी आप्पा म्हणाले, "अण्णा, तुझी चूक तू निस्तर. फकस्त मला म्हनू नगंस की सांगितलं न्हाई."

त्या रविवारी मी फलकावर पांढरा रंग फिरवला. निळी अक्षरं खालून दिसत राहिली म्हणून दुसरा हात मारावा लागला. सोमवारी मुलगी येईल असं मला वाटलं होतं. आली नाही. मंगळवारीही नाही. फलक गेला होता, पण मुलांच्या तोंडून रेघ गेली नव्हती. बाईंनी सगळ्या वर्गांत जाऊन दम दिला, तेव्हा मुलं बाईंपुरती थांबली.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी तिची आई आमच्या दारात आली. आत आली नाही. कमरेच्या पिशवीतून पन्नासाच्या चार नोटा काढल्या.

"पावती द्या."

"वैनी, बसा तर. चहा..."

"चहा ऱ्हाऊ द्या. पावती करा. तारीख घाला."

नाष्ट्याच्या पैशांची पावती मी कुणालाच दिली नव्हती. यात्रेचं पावतीपुस्तक होतं, त्यातली एक फाडून वरचं देवाचं नाव खोडलं आणि लिहून दिली. तिनं ती उजेडात धरून वाचली, घडी केली आणि गेली. बायको आतून म्हणाली, "देवाचं नाव खोडायचं न्हवतं."

सोमवारी मुलगी नऊला रांगेत होती. आक्कानं सांगितलं ते असं: चौथीतला एक पोरगा काहीतरी म्हणाला. तिनं दप्तरातून पावती काढली, त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "वाच." त्याला नीट वाचता येईना. तिनंच वाचून दाखवली आणि ताटली पुढे केली. तेव्हापासून तिला कुणी रेघ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. माझ्या रंगाच्या दोन हातांनी जे झालं नाही ते तिच्या आईच्या अर्ध्या दिवसानं झालं.

पण आप्पांचं म्हणणंही खरं ठरलं. फलक गेल्यावर ऑक्टोबरच्या वर्गणीत एकतीस घरांचेच आले. सहा हजार दोनशे, डेअरीचे तीन हजार, एकूण नऊ हजार दोनशे. तेराशे अठ्ठेचाळीस कमी. मी दहा घरांना दोनदोन वेळा जाऊन आलो. कुणी नाही म्हणालं नाही. "देतो की", "पगार झाल्यावर या", "आमचं पोरगं खातच कुठं, नुसतं चिवडतंय". एकानं विचारलं, "बोर्ड का पुसला? काय घोटाळा झालाय काय?" त्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नाव परत गावभर झालं असतं.

मग नाष्टा आठवड्यातून चार दिवसांवर आणला. बुधवार कापला. अठरा दिवसांचे सात हजार आठशे बारा, आक्काचे हजार, उरले तीनशे अठ्ठ्याऐंशी. बाईंनी बुधवारचं वेळापत्रक बदललं. पहिल्या तासाला पुन्हा चित्रकला. एका बुधवारी मी मुद्दाम जाऊन मागच्या बाकावर बसलो. तिसरीतली सात मुलं डोकं टेकून होती, त्यात एक माझा. तो घरून चहा-खारी खाऊन गेला होता, पण बाकीचे टेकले म्हणून तोही टेकला असावा. गुरुवारी परत गेलो, तर कुणी टेकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मला आता आठवड्यात चार दिवस गणित आणि एक दिवस फुलं, पानं, घर, डोंगर." त्या हसून म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. त्यांच्यानंतर नऊला येणारं कुणी मिळेल असं मला वाटत नाही. वर्गणीची वही अजून माझ्याकडेच आहे. कुणी मागितली तर मी देऊन टाकीन, पण कुणी मागत नाही.

मुलगी सुटलेला भाग भरून काढत राहिली. बुधवारीही नऊला यायची, नाष्टा नसला तरी. डिसेंबरच्या चाचणीत वीसपैकी पंधरा. अठरापर्यंत ती परत गेली नाही. गेलेल्या सव्वादोन महिन्यांत अपूर्णांक झाले होते आणि ते तिला नीट बसलेच नाहीत, असं बाई म्हणतात. त्या तीन मार्कांचं मी काय करणार.

फेब्रुवारीत एका रविवारी परीक्षा झाली, केंद्र बेळगावात. बाईंच्या घरी लग्न होतं, म्हणून पाच मुलांना घेऊन मी गेलो. कर्नाटकच्या बसला बायकामुलींना तिकीट नाही, त्यामुळे तिघी मुली फुकट, दोन मुलग्यांचं अर्धं आणि माझं पूर्ण. निकाल अजून लागलेला नाही.

पेपर साडेदहाला होता. नऊ वाजता मुलांना स्टँडजवळच्या एका हॉटेलात नेलं, कारण रिकाम्या पोटी बसवायचं नाही अशी बाईंची सक्त ताकीद होती. पोऱ्यानं टेबल पुसलं. चौघांनी इडली-वडा सांगितला. ती म्हणाली, "मला चहा."

"चहावर पेपर कसा निघंल गं? खायला सांग."

तिनं पोऱ्याला विचारलं, "प्लेट कितीला?"

"चाळीस."

तिनं कंपासपेटी उघडली, घडी घातलेली पन्नासाची नोट काढली आणि पंख्यानं उडू नये म्हणून पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली. "मग एक प्लेट. आईनं दिल्यात."

"ऱ्हाऊ दे ते. सगळ्यांचं मी देतोय."

"त्यांचं द्या की काका," ती म्हणाली.

ती सावकाश खात होती. एक इडली झाल्यावर माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "सांबार परत मागितला तर पैशे घेतात?"

"न्हाई घेत."

मग तिनं दोनदा सांबार घेतला आणि वाटी तोंडाला लावून संपवला. बाकीची मुलं बघून हसली, तीही हसली. पावणेदहाला आम्ही उठलो.

बिल दोनशे पंधरा झालं. पाच प्लेटींचे दोनशे, माझ्या चहाचे पंधरा. गल्ल्यावर तिनं आधी पन्नास दिले, दहा परत घेतले आणि बघून कंपासपेटीत ठेवले. उरलेले एकशे पंचाहत्तर हॉटेलवाल्याला मी दिले. ते वर्गणीत धरले नाहीत.